38 वर्षांचं घर पाच वीकेंडमध्ये आवरायचंय (रिडेव्हलपमेंट, आईबाबा सत्तरीपुढचे), मदत हवी

सायली_कोथरूड (3 एप्रिल)
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. डोंबिवली पूर्वेला आईबाबांचं घर आहे, 1988 ला घेतलेलं वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि 31 मे पर्यंत घर रिकामं करून द्यायचंय. भाड्याचं घर दोन गल्ल्या सोडून मिळालंय, तिथे लिफ्ट आहे, डॉक्टर तेच, भाजीवाली तीच, तेवढं चांगलं झालं. पण आईने लगेच पंचांग काढलं, यंदा 17 मे पासून अधिक ज्येष्ठ लागतोय आणि 16 ला अमावास्या, त्यामुळे त्याच्या आत जायचं असं ती म्हणते. मग शनिवार 9 मे ठरवलाय. मी पुण्याहून शनिवार-रविवारीच येऊ शकते, म्हणजे हातात पाच वीकेंड.

खरा प्रश्न माळ्याचा आहे. दोन माळे, एक किचनवर एक पॅसेजमध्ये. तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी पातेल्यांची उतरंड, चिनी मातीच्या बरण्या, पाटा-वरवंटा, माझ्या आणि दादाच्या शाळेच्या वह्या, बाबांच्या ऑफिसच्या फायली, तीन होल्डॉल. गेल्या रविवारी मी उत्साहात देऊन टाकायच्या सामानाचा ढीग केला आणि आंघोळीला गेले, बाहेर आले तर आईने निम्मा ढीग परत जागेवर नेऊन ठेवलेला. काही बोलली नाही, पण दुपारी नीट जेवलीही नाही. मला फार वाईट वाटलं. सुरुवात कुठून करू? बाबा 78, आई 73, बाबांना दिसायला कमी झालंय.

मधली_आळी (3 एप्रिल)
सायली, सुरुवात माळ्यापासून करूच नकोस, माळा सगळ्यात शेवटी. आम्ही ठाण्यात सासूबाईंचं घर असंच हलवलं. पहिला वीकेंड नव्या घरी मेजरिंग टेप घेऊन जा. खोल्यांची मापं, दाराची रुंदी, लिफ्टच्या दाराची रुंदी, खिडकी कुठल्या भिंतीला, प्लग कुठे, सगळं वहीत काढ. मग जुन्या घरातलं गोदरेजचं कपाट, दिवाण, डायनिंग टेबल यांची मापं लाव. काय मावत नाही ते कागदावर दिसलं की आई स्वतःच सांगतात हे राहू दे. आपण "टाक" म्हटलं की ते ऐकत नाहीत, भिंतीचं माप मात्र ऐकतात. आमच्याकडे सहा खुर्च्यांचं टेबल असंच सुटलं, सासूबाईंनीच भाचीला फोन करून दिलं.

आणि ढीग करायचा तर आई समोर बसलेली असताना कर ग. तिच्या पाठीमागे नको.

वसईचा_वारा (3 एप्रिल)
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. पाच वीकेंड म्हणजे दहा दिवस. प्रत्येक भांड्याची गोष्ट ऐकत बसलात तर 9 मे ला अर्धं घर तसंच असेल. आमच्या काकांकडे तेच झालं, शेवटच्या रात्री दोन वाजता जे हाताला येईल ते गोणीत भरलं आणि त्यात काकूंची गौरीच्या साड्यांची पेटी भंगारात गेली, तिला अजून वाईट वाटतं. पितळ-तांबं सरळ मोडीत द्या, पैसे आईच्या हातात द्या, मोकळे व्हा.

सायली_कोथरूड (3 एप्रिल)
वसईचा_वारा, राग नाही, पण बंब मोडीत देणं मला जमणार नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा पहिली दोन वर्षं चाळीत त्याच बंबात सगळ्यांचं पाणी तापायचं. मधली_आळी, टेपची आयडिया फार आवडली, उद्याच करते.

चिंचेचं_झाड (4 एप्रिल)
मोड द्यायचीच असेल तर घरी आधी वजन करा बरं का, ताणकाटा असतो ना सामानाचा, तो चालतो. तांबं वेगळं, पितळ वेगळं, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून मग द्या. दारावर आलेल्याला घाईत देऊ नका.

वह्यांचं मी सांगते, आमच्या आईला मी म्हटलं प्रत्येकाची एकच वही ठेवूया, कुठली ते तूच निवड. ती दोन दुपारी वाचत बसली, निवडली, आणि बाकीच्या तिनेच बांधून रद्दीवाल्याला दिल्या. दोन दुपारी गेल्या खऱ्या पण त्या जायलाच हव्या होत्या.

रंकाळा (4 एप्रिल)
ताई, बरण्यांचं मी सांगतो, आमच्या घरी कोल्हापूर ते नाशिक दोन वेळा बरण्या नेल्यात, एक पण फुटली नाही बघा. मे महिन्यात हलवताय, आंब्याच्या पेट्यांतला पेंढा फळवाल्याकडं मागितला की मिळतो, पैसे पण घेत नाहीत. खोक्याच्या तळाला चार बोटं पेंढा घट्ट दाबून बसवायचा, बरणीला आतून एक जुना टॉवेल भरायचा, बाहेरून जुनी सुती साडी गुंडाळायची, आणि बरणी उभीच ठेवायची, आडवी कधीच न्हाई. दोन बरण्यांच्या मधे परत पेंढा. खोकं हलवून बघायचं, आतून काही आवाज आला की अजून भरायचं. झाकणं वेगळी, त्यावर त्याच बरणीचा नंबर.

लोणचं असलेली बरणी ट्रकात नगं. तोंडाला दादरा बांधून स्वतःच्या मांडीवर घ्यायची नाहीतर लोणचं आधी काचेच्या लहान बरणीत काढायचं. तेल एकदा सांडलं की त्या खोक्यातलं सगळं गेलं.

काचेची ताटं, बश्या उभ्या लावायच्या, पुस्तकं लावतो तशा. एकावर एक आडव्या ठेवल्या की खालच्या चिरतात. आणि पुस्तकं लहान खोक्यात, मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की तीन मजले उतरवणाऱ्या माणसाची कंबर जाते, त्याचा पण विचार करायला पायजे.

टिळकनगर_जुने (4 एप्रिल)
सायलीताई, आमची बिल्डिंग 2021 ला रिकामी केली, डोंबिवलीतच. खोकी होतील हो, कागद आधी बघा. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घराचा मूळ नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा), स्टँप ड्युटीची पावती, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, लाइट बिलं, हे सगळं एका फायलीत, त्याचे स्कॅन तुमच्या मोबाइलमध्ये आणि दादाच्याही. ती फाइल ट्रकमध्ये जाता कामा नये, तुमच्या खांद्यावरच्या बॅगेत पाहिजे. नॉमिनेशन कुणाच्या नावाचं आहे तेही आत्ताच सोसायटीच्या रजिस्टरमध्ये बघून घ्या.

दुसरं, रिडेव्हलपमेंटनंतर बिल्डरकडून मिळणाऱ्या घराचा, म्हणजे पर्मनंट अल्टरनेट अकोमोडेशनचा करार बाबांच्या नावाने रजिस्टर झालाय का? तो झाल्याशिवाय चावी देऊ नका, शेजारी सगळे गेले तरी देऊ नका. भाडं, शिफ्टिंगचा खर्च, ब्रोकरेज कधी आणि कसं मिळणार, तारखेला नाही मिळालं तर काय, ते त्यात वाचा. ग्रिल, दारं, एसी, पंखे, गीझर यातलं काय काढून न्यायचं आणि काय बिल्डरचं, तेही करारात असतं, आमच्याकडे त्यावरून शेवटच्या दिवशी कुणाकुणाची वादावादी झाली.

तिसरं भाड्याचं घर. लीव्ह अँड लायसन्स सगळे 11 महिन्यांचं करतात, पण तुम्हाला दोन-तीन वर्षं राहायचंय. 60 महिन्यांपर्यंत करता येतं. घरमालकाशी बोलून 36 चं करा, भाडं दर वर्षी किती वाढणार ते लिहून घ्या. आम्ही 11 चं केलं, घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि आई आजारी असताना आम्हाला परत घर हलवावं लागलं. त्या दुसऱ्या शिफ्टिंगने आई फार खचली. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, बाबांना ऑफिसात न्यायची गरज नाही.

सायली_कोथरूड (5 एप्रिल, रात्री)
टिळकनगर_जुने, तुमची पोस्ट मी दादाला फोनवर मोठ्याने वाचून दाखवली. करार रजिस्टर झालाय, पण घरमालकाशी 11 महिन्यांचंच बोलणं झालं होतं, उद्या फोन करते. आज टेप घेऊन गेलो, आईला पण नेलं. लिफ्टचं दार 80 सेंटिमीटर, कपाट जातंय. दिवाण जात नाहीये, जिन्यानेही वळत नाही. आईने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली तुझ्या मामाकडे गच्चीच्या खोलीत लागतो तसा. सुटलं एक.

सकाळची_पाळी (6 एप्रिल)
मी फिजिओथेरपिस्ट आहे, वयस्कर पेशंट जास्त. घर बदलल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत रात्री पडण्याच्या केसेस मी बऱ्याच बघितल्यात म्हणून मुद्दाम लिहितेय. बाबा पलंगाच्या कुठल्या बाजूने उतरतात ते आत्ता बघून ठेवा, डावीकडून का उजवीकडून, आणि उतरल्यावर बाथरूमकडे जाताना आधी हात कशाला लावतात, कपाटाला, दाराच्या चौकटीला, खुर्चीला. माणूस अर्धवट झोपेत उठतो तेव्हा डोळ्यांनी बघून चालत नाही, सवयीने चालतो. 38 वर्षांची सवय आहे ती. नव्या घरात पलंग त्याच बाजूने मोकळा ठेवा, हाताला लागणारी वस्तू तशीच तिथे ठेवा, रात्री छोटा दिवा चालू. कमोडशेजारी पकडायचा बार घरमालकाची परवानगी घेऊन आधीच बसवा, सामान यायच्या आत. पायपुसणी, सतरंज्या पहिला महिना पसरूच नका. आणि 9 तारखेच्या आधी दोन-तीन वेळा बाबांना तिथे नेऊन आणा, दुपारी अर्धा तास बसू दे.

औषधांची पिशवी वेगळी, निदान आठवड्याचा डोस, चष्मा, प्रिस्क्रिप्शन. इन्सुलिन असेल तर थंड पाऊचमध्ये पण बर्फाला चिकटून नको, गोठलं की वाया जातं.

सायली_कोथरूड (6 एप्रिल)
हे मला कधीच सुचलं नसतं. आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, ते उजवीकडून उतरतात आणि शिलाई मशीनला हात लावून वळतात. ते मशीन मी देऊन टाकायच्या यादीत लिहिलं होतं.

पार्ल्याची_पारू (8 एप्रिल)
मूव्हर्सबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तीन जणांना घरी बोलावून सामान दाखवून कोटेशन घ्या, फोनवर सांगितलेला आकडा धरू नका. आमच्या बाबतीत फोनवर 14 हजार ठरले, सामान ट्रकमध्ये चढलं आणि उतरवताना अजून 9 हजार द्या नाहीतर ट्रक उघडत नाही म्हणाले. पावसात उभं राहून दिले आम्ही. नंतर कळलं की नाव मोठ्या कंपनीसारखं होतं पण कंपनी ती नव्हतीच. जीएसटी नंबर मागून सरकारी साइटवर टाकून बघा, नाव जुळतंय का. कोटेशनमध्ये मजला, लिफ्ट नाही, फर्निचर खोलणं-जोडणं, उतरवणूक, जीएसटी, सगळं लेखी. ट्रकच्या नंबरचा फोटो. विमा देतो म्हणाले तर पॉलिसीचा कागद मागा, नुसते टक्के लावलेले असतात.

तुमचं अंतर दोन गल्ल्यांचं आहे म्हणून कदाचित छोटा हत्ती दोन-तीन फेऱ्यांत पुरेल आणि चांगले हमाल मिळाले तर मूव्हर्स नकोतच. तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचे दर मजल्यावर असतात, ते आधी बोला. आणि ऊन आहे, त्यांच्यासाठी पाणी, सरबत, दुपारचं जेवण आपल्याकडून ठेवा.

फेज_न्यूट्रल (8 एप्रिल)
माझं एसी-फ्रिज रिपेअरिंगचं काम आहे म्हणून सांगतो. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद, दार उघडं, पाणी पुसून घ्या. नेताना उभा. तिथे गेल्या गेल्या चालू नका करू, चार-पाच तास उभा राहू दे, आडवा न्यावा लागलाच तर पूर्ण दिवस. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर मागे बोल्ट लावून ड्रम लॉक करतात, नवीन घेताना कंपनीचा माणूस काढून देतो ते बोल्ट, बघा कुठे ठेवलेत. एसी काढताना टेक्निशियनला गॅस आउटडोअर युनिटमध्ये पंप डाऊन करायला सांगा, नुसता पाइप सोडला की गॅस गेला. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच, तारा काढण्याआधी मागून फोटो काढा. पलंगाचे बोल्ट पिशवीत भरून त्याच पलंगाच्या फळीला टेपने चिकटवा, वेगळ्या डब्यात ठेवले की पहिल्या रात्री सगळे जमिनीवर झोपतात.

बंगळूरची_वहिनी (9 एप्रिल)
गॅसचं विसरू नका. एकाच एजन्सीच्या हद्दीत असाल तर नुसता पत्ता बदलतो. आम्ही पुणे सोडलं तेव्हा सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून, डिपॉझिट परत घेऊन, बंद केल्याची पावती घेतली, तिच्यावर इथे नवीन कनेक्शन मिळालं. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म 8. कुणी दुसऱ्या राज्यात जात असेल तर गाडीची आरटीओची एनओसी निघायच्या आधी घ्या, मागाहून फार हेलपाटे पडतात.

सायली_कोथरूड (26 एप्रिल)
अपडेट देते. चार वीकेंड झाले. खोक्यांवर नंबर टाकलेत, 1 ते 41, आणि एका शंभर पानी वहीत कुठल्या नंबरात काय ते लिहिलंय, ते काम बाबांनी मागून घेतलं. त्यांना दिसत कमी म्हणून मार्करने एवढ्या मोठ्या अक्षरात लिहितात की एका पानावर दोनच खोकी बसतात. शेवटची खोकी चार, त्यावर लाल टेप, म्हणजे तिथे पहिली उघडायची: कुकर, चहाचं भांडं, साखर-चहा, बेडशीट, टॉर्च, पाना-स्क्रू ड्रायव्हर, एक्स्टेंशन बोर्ड, बाथरूमची बादली.

घरमालक 36 महिन्यांना तयार झाले! टिळकनगर_जुने, तुमचे किती आभार मानू.

माळा काल उतरवला. आई खाली खुर्चीत, मी शिडीवर, दादा मधे. एकेक भांडं तिच्या हातात दिलं. वसईचा_वारा, तुमचंही बरोबर होतं, वेळ लागतो, म्हणून दादाने सुचवलं की आज फक्त किचनचा माळा, चार वाजेपर्यंत. घंगाळ तिने हातात घेतलं, बुडाला पोचा आहे तिथे बोट फिरवलं, म्हणाली हा तू पाडलास, दीड वर्षाची होतीस. मग स्वतःच बाजूला ठेवलं, म्हणाली दे आता कुणाला. मी ते दिलं नाहीये, कोथरूडला नेतेय. सात पातेल्यांतली चार राहिली, तीन मावशीकडे. पाटा-वरवंटा येतोय. बंब बाल्कनीत बसतोय, मापलं. कुरडया-सांडगे मात्र यंदा करू नकोस एवढं मी तिला हात जोडून सांगितलं, तर तिने शेजारच्या काकूंच्या गच्चीवर करून वाळवल्यासुद्धा.

एक विचारायचंय, देवांचं काय करतात? आई म्हणते ट्रकमध्ये नाही.

मधली_आळी (26 एप्रिल)
देव हातातूनच न्यायचे. सकाळी पूजा करून तबकात किंवा सुपात ठेवून, वरून स्वच्छ वस्त्र, आणि सामानाच्या आधी. आमच्याकडे देव, पाण्याचा तांब्या, मीठ, तांदूळ आणि हळद-कुंकू पहिलं आत गेलं. गौरीचे मुखवटे कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, तो डबाही हातातच.

सकाळची_पाळी (26 एप्रिल)
शिलाई मशीनचं काय झालं?

सायली_कोथरूड (10 मे, रात्री)
काल शिफ्ट झालो. सकाळी साडेसहाला आई देव घेऊन, बाबा तांब्या घेऊन, मी फायलीची बॅग आणि लोणच्याची बरणी घेऊन चालत निघालो, दोन गल्ल्या. खाली भाजीवाली आणि पेपरवाले काका उभे होते, कुणी फार बोललं नाही. छोटा हत्ती तीन फेऱ्या, सहा हमाल, अकरा वाजता गोदरेजचं कपाट सगळ्यात शेवटी उतरलं, दार दोरीने बांधून. एक बशी फुटली. रंकाळा, बरण्या सगळ्या धड, पेंढा दोन पोती लागला. फ्रिज संध्याकाळी चालू केला, पलंगाचे बोल्ट फळीलाच होते.

शिलाई मशीन पलंगाच्या उजव्या बाजूला, अगदी तेवढ्याच अंतरावर, बाबांनी स्वतः पावलं मोजून ठेवून घेतलं. मी रात्री मुद्दाम जागी होते. अडीच वाजता उठले, मशीनला हात लावला, वळले, गेले, आले. सकाळी विचारलं तर म्हणाले, झोप लागली छान.

आई दुपारी एकदा जुन्या घरी जाऊन आली, एकटी, मी सोबत येऊ का विचारलं तर नको म्हणाली. झाडू मारून, उंबऱ्याला हळद-कुंकू लावून आली. पुढचे चार दिवस लाइटचं शेवटचं बिल, गॅसचा पत्ता, बँक, पोस्ट यातच जातील. 41 पैकी 23 खोकी उघडलीत.

आता पातेल्यांना कल्हई करून हवीय तिला, लगेच. चार पातेली आहेत, सगळ्यात मोठं पाच शेराचं. डोंबिवली पूर्वेला कुणाला कल्हईवाला माहितेय का?

टिळकनगर_जुने (11 मे)
आमच्या सोसायटीत पुढच्या रविवारी येतोय, सकाळी नऊला. मेसेज करते पत्ता. चिंच लावून घासून आणा म्हणजे काम लवकर होतं, आणि आईंनाही घेऊन या.